टाक्यातले पाणी आणि आपली मात्रा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजण कान्हेरीला जाऊन आले असतील. चैत्यगृहात वंदना घेतली, फोटो काढले. पण लेण्यांच्या अंगणातली पाण्याची टाकी किती जणांनी निरखून पाहिली? तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख आहे. सोने घडविणाऱ्या माणसाने संघाला काय दिले, तर पाणी!

त्या डोंगरावर वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणून खडकात पन्हळी कोरून पाणी टाक्यांत उतरविले. शंभराहून अधिक लेण्यांची ही वसाहत अशीच शतकानुशतके नांदली. टाक्याचा एक गुण असा की त्याचा तळ दिसतो. किती उरले, किती वापरायचे, हे रोज डोळ्यांना कळते.

आता मुंबई बघा. कान्हेरीच्याच जंगलात 1860 साली विहार तलाव झाला. वाटलं, आता चिंता मिटली. पुरला नाही. 1879 मध्ये तुळशी झाला. तोही पुरला नाही. 1892 मध्ये तानसाचे पाणी ठाणे जिल्ह्यातून आणले. पुढे 1957 मध्ये वैतरणेवर मोडकसागर, नंतर भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. दर वेळी नवे पाणी आले, की शहर वाढले आणि तेही कमी पडले. नळ उघडणाऱ्याला टाक्याचा तळ दिसत नाही, बंधूंनो! तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आपली विपुलता ही कुणाची तरी टंचाई असते.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महाडचे चवदार तळे भरलेले होते. पाणी कमी नव्हते, माणुसकी कमी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. तेच बाबासाहेब 1945 मध्ये मजूरमंत्री असताना कटकच्या परिषदेत म्हणाले, त्याचा आशय असा, की नदीचे पाणी हे संकट समजू नका; ती जनतेची संपत्ती आहे, ती साठवा. म्हणजे हक्क आणि जतन, दोन्ही त्यांनीच सांगितले. आपण हक्क लक्षात ठेवला. जतनाचे काय?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. आनंदांना पाचशे चीवरे दान मिळाली. राजा उदेनाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे? पांघरूण करू. जुन्या पांघरुणांचे? गादीची खोळ, मग बैठक, पायपुसणे, फडके; शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. राजाची खात्री पटली. त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ह्यालाच धम्मात मत्तञ्ञुता म्हणतात, म्हणजे मात्रा ओळखणे.

म्हणून समितीला विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याआधी विहाराच्या गच्चीचे पाणी टाकीत उतरवू या. त्यासाठी वर्गणी काढा, पहिली पावती माझ्या नावाने फाडा. आणि घरी गेल्यावर गळका नळ आधी दुरुस्त करा. दानपारमिता तिथूनही सुरू होते.

नमो बुद्धाय! जय भीम!