लहान लोडरची रोजची निगा



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यांत खडी, वाळू, माती आणि भंगार हलविणारा आखूड बांध्याचा डिझेल लोडर आपण पाहिला असेल. त्याच्या रोजच्या निगेविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत, टर्की पक्ष्यांच्या खुराड्यांतील घाण काढण्यासाठीं, केलर बंधूंनीं १९५७ सालीं ह्या जातीचें पहिलें यंत्र बनविलें. अरुंद जागेंत जागच्या जागीं वळणें हा त्याचा जन्मजात गुण. आणि वळतांना चाकें घासत जात असल्यामुळें तोच त्याच्या टायरांचा काळहि होय.

निगेचा आरंभ सकाळीं, एंजिन सुरू करण्यापूर्वीं करावा. यंत्र सपाट जागीं असावें, बकेट जमिनीस टेकलेली असावी आणि किल्ली काढलेली असावी. प्रथम एंजिनांतील तेलाची पट्टी पुसून पुन्हां बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असलें पाहिजे. कमी तेल जितकें घातक, तितकेंच अधिक तेलहि अपायकारक. रेडिएटरचें झांकण एंजिन थंड असतांनाच उघडावें, एरवीं वाफेनें तोंड भाजतें. डिझेलच्या गाळणीखालीं सांचलेलें पाणी सोडून द्यावें. पावसाळ्यांत टांकीच्या रिकाम्या भागांतील दमट हवेचें पाणी होतें. म्हणून टांकी सायंकाळींच भरून ठेवणें बरें.

आपल्याकडील खरा शत्रु म्हणजे धूळ. हवेच्या गाळणींतून निसटलेली बारीक धूळ तेलांत मिसळली, कीं ती सिलिंडर व पिस्टनच्या कड्या घासूं लागते. गाळणी चाकावर आपटून झटकण्याची चाल सर्वत्र दिसते. ती सर्वस्वीं त्याज्य आहे. आपटल्यानें कागद फाटतो आणि फाटलेली गाळणी असून नसल्यासारखीच. ग्रीसचेंहि तसेंच. पिनांच्या सांध्यांत नवें ग्रीस भरलें म्हणजे जुनें, धूळ मिसळलेलें ग्रीस बाहेर पडतें. हें न केल्यास चार पैशांच्या ग्रीसपायीं पिन आणि बुश दोन्हीं बदलावीं लागतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हायड्रॉलिक नळ्यांतील तेलाचा दाब मोटारीच्या टायरांतील दाबाच्या सुमारें शंभरपट असतो. नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें, तरी त्यांतून निघणारी धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणी टोंचल्याइतकी दिसते, दुखतहि थोडेंच. पण तेल आंत पसरून हात गमावण्याची वेळ येते. म्हणून गळती हातानें कधींहि चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. अशी इजा झालीच, तर मलम लावून कामास न लागतां तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. तसेंच, उचललेल्या आर्मखालीं, त्यांस लोखंडी आधार दिल्याविना, क्षणभरहि जाऊं नये.

ठराविक तासांच्या कामांसाठीं एक वही ठेवावी. शाळेंत जसा हजेरीपट, तशी ही यंत्राची हजेरी. पुष्कळ लोडरांत एंजिनाचें तेल सुमारें २५० तासांनीं बदलतात. तथापि त्या त्या यंत्राबरोबर येणारी पुस्तिका हेंच अखेरचें प्रमाण मानावें.

शेवटीं मालक व ठेकेदार यांस एक विनंती आहे. हें यंत्र बहुधा तासांच्या भाड्यानें चालतें. सकाळच्या तपासणीचीं दहा-पंधरा मिनिटें कोणाच्याच हिशेबांत धरलीं जात नाहींत, आणि म्हणून घाईंत असलेला चालक तीं टाळतो. दोष नेहमीं त्याच्याच आळसाचा नसतो. तीं मिनिटें मजुरींत धरावींत. यंत्र बिघडलें तर तें दुरुस्त होतें, प्रसंगीं दुसरेंहि मिळतें. चालकाचा हात मात्र पुन्हां मिळत नाहीं.