वार, गज आणि मीटर





अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे. देताना कमी भरेल आणि घेताना अधिक भरेल असे माप वापरणे, हा त्याचा अर्थ. हा दोष स्वतंत्रपणे सांगावा लागला, यावरूनच मापन हा केवळ गणिताचा विषय नव्हे हे ध्यानात येते. दशमान पद्धतीची जुन्या मापांशी तुलना करताना हा संदर्भ दृष्टीआड करता येणार नाही.

जुनी मापे अशास्त्रीय होती असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्ण सत्य नव्हे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. ही सारी रचना दुपटीची आहे. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, हीही त्याच वळणाची. सोळाचे निम्मे करीत एकापर्यंत येता येते, कोठेही अपूर्णांक आडवा येत नाही. दहाचे मात्र दोनदा निम्मे केले की अडीच उरतात! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत असलेला मुनीम कागदाला हात न लावता हिशेब सांगत असे. ही विद्या आता लोपली, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे.

खरा दोष निराळा होता. नाव एक आणि माप अनेक. गज मुंबईकडे २७ इंचांचा, मद्रासकडे ३३ इंचांचा, तर बंगालमध्ये ३६ इंचांचा. बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा. पेढीवरच्या माणसाला हे भेद पाठ असत. माल घेऊन बाजारात आलेल्या शेतकऱ्याला ते ठाऊक असतीलच असे नाही. अज्ञान एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, असा हा व्यवहार. १७८९ साली फ्रान्समधील प्रजेने राजापुढे जी गाऱ्हाणी मांडली, त्यांतही सर्वत्र एकच माप असावे ही मागणी वारंवार आढळते. तेथेच १७९५ साली मीटर पद्धतीचा कायदा झाला.

भारतात यासंबंधीचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजनमापे बाद ठरली. संक्रमणाच्या त्या काळात व्यापाऱ्याच्या सचोटीची परीक्षा होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. कोष्टकात एका आण्याचे ६, तर तीन आण्यांचे १९ पैसे धरले गेले. तो पाव पैसा कोणाच्या पदरात पडावा?

कापडाच्या धंद्यात तर हा प्रश्न रोजचा झाला. वार ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर त्याहून सुमारे साडेआठ सेंटिमीटरने मोठा. वाराला १० रुपये असलेल्या कापडाचा मीटरचा न्याय्य भाव १० रुपये ९४ पैसे होतो. सोयीसाठी ११ रुपये सांगितले तर ग्राहकाला ते उमगत नसे, आणि दिवसभराच्या विक्रीत ते सहा पैसे लहान राहत नसत.

मीटरपट्टी आली म्हणून मोजणारा हात बदलला, असेही नाही. सैल विणीचे कापड पट्टीवर किंचित ताणून धरले की मीटर पुरा दिसतो. घरी नेऊन मोजले की बोटभर कमी भरतो. पट्टीवर सरकारी शिक्का असतो, ताणणाऱ्या बोटांवर तो नसतो.

भाषेने मात्र जुने सोडलेले नाही. नऊवारी साडी सव्वाआठ मीटरची आणि सहावारी साडेपाच मीटरची असली, तरी त्यांची नावे वारातच राहिली. आजही ग्राहक दुकानात येऊन पाऊण मीटर किंवा सव्वादोन मीटरच मागतो; पंचाहत्तर सेंटिमीटर द्या, असे क्वचितच कोणी म्हणतो.