रोजच्या रस्त्यावरचे पट्टकादंब

स्नातकहो, म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा हे गाव लागतं आणि गावाजवळ तळं. कामावर निघालेली, कॉलेज गाठणारी माणसं इथून रोज ये-जा करतात. हिवाळ्यात म्हैसूरभोवतीच्या अशा तळ्यांवर फिकट राखाडी रंगाचे पट्टकादंब उतरतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्यांची ठळक खूण. मंगोलिया-तिबेटच्या पठारांवर पिल्लं वाढवून, हिमालय ओलांडून ते येतात. मंगोलियात संशोधकांनी गळ्यात पट्टा घातलेले पट्टकादंब म्हैसूर परिसरात दिसले आहेत.

हिमालय ते कसे ओलांडतात, हे तर विलक्षण आहे. संशोधकांनी काही पक्ष्यांवर नोंदयंत्रं बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा सर्वांत उंच नोंद सुमारे 7290 मीटरची मिळाली. पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळलं ते असं, की उंची गाठून सरळ रेषेत उडत राहणं हा पक्षी टाळतो. तो डोंगराच्या अंगाअंगाने चढतो, दरीत उतरतो, पुन्हा चढतो. विरळ हवेत पंख मारण्याचे कष्ट फार वाढतात. त्यापेक्षा मिळवलेली उंची सोडून देऊन ती पुन्हा कमावणं परवडतं. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवतं. एवढा प्रवास करून आलेला पक्षी इथल्या शेतात गवत खातो, भाताचे दाणे टिपतो, दुपारी पाण्यावर विसावतो. तो पाहायला तिकीट लागत नाही, रजाही काढावी लागत नाही.

मात्र आज तळ्यावर नवं कोण आलं, हे त्यालाच उमगतं ज्याने काल तळं पाहिलेलं असतं. एकाच वाटेने रोज जाणं कंटाळवाणं मानलं जातं. निसर्ग पाहणाऱ्यासाठी खरी सोय तीच आहे. पर्यटकाला तळं एकदाच दिसतं. गावकऱ्याला त्याची चढती-उतरती पाणरेघ, पहिला थवा आणि मार्चच्या सुमारास झालेली पांगापांग, सगळं दिसू शकतं.

म्हैसूरला रोजच्या वाटेवर निसर्ग पाहण्याची परंपराच आहे. 1956 ते 1960 या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असलेले कुवेंपू कुक्करहळ्ळी तळ्याकाठी फिरायला जात, लेखक आर. के. नारायण यांचीही ती आवडती वाट. पुढे 2014 ते 2016 या काळात इथल्या हौशी पक्षिनिरीक्षकांनी शहराचे चौकोन पाडले, ते पालथे घातले आणि म्हैसूरचा पक्षी-नकाशासंग्रह तयार केला. गल्लीतल्या पक्ष्याचीही त्यात नोंद झाली. लोकांच्या फिरण्यातून शास्त्र उभं राहिलं, याचं अप्रूप वाटायलाच हवं.

मराठीत दुर्गाबाई भागवतांनी महिन्यामहिन्याने बदलणारा निसर्ग निरखला आणि 1956 मध्ये ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक दिलं. मारुती चितमपल्लींची वाट वेगळी. ते वनखात्यात अधिकारी होते. रानातली फिरती हा त्यांच्या नोकरीचाच भाग. त्या फिरतीत त्यांनी आदिवासींकडून आणि पारध्यांकडून पाखरांची, झाडांची माहिती टिपून घेतली आणि त्या श्रमातून ‘पक्षिकोश’सारखं काम झालं. 2025 मध्ये, वयाच्या 92व्या वर्षी, त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. नोकरी आणि निसर्ग यांच्यात निवड करावी लागते, असं मानणाऱ्या प्रत्येकाने त्यांची पुस्तकं वाचावीत.

आज पदवी घेतलेल्यांपैकी अनेकजण पुण्याला, बंगळुरूला जातील. तिथे वरुणाचं तळं नसेल, पण बसथांब्यावर करंज असेल, ऑफिसच्या फाटकाशी बहावा असेल. 2010 पासून चालणाऱ्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातले विद्यार्थी आणि नागरिक असंच एक झाड निवडतात. आठवड्यातून एकदा त्यापाशी थांबून पालवी, कळ्या, फुलं, फळं किती, एवढंच नोंदवतात. काही मिनिटांचं काम. बहावा एरवी उन्हाळ्यात फुलतो. तो आता लवकर फुलू लागला आहे का, याचं उत्तर द्यायला अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. त्या नोंदींमध्ये नव्या शहरातल्या, नव्या नोकरीच्या वाटेवरच्या झाडाचीही भर या वर्षीपासून पडू शकेल.