पुलाच्या पायाशी कोण उतरणार?



आकाशात उडणारे आणि पाण्याखालीही चालणारे यंत्र आता केवळ कल्पनेतले राहिलेले नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या रटगर्स विद्यापीठात प्रा. हाविएर दिएझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेव्हिएटर’ नावाचा असा ड्रोन सिद्ध केला. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. हवेत वेगाने फिरणारे पंखे पाण्यात संथ फिरवावे लागतात, आणि पाण्यातून हवेत येण्याचा क्षण तर सर्वांत अवघड. म्हणून या ड्रोनला पंख्यांचे दोन थर आहेत. वरचा थर हवेत उचल घेतो, तोवर खालचा पाण्यातून रेटा देतो. मानवी बुद्धीचा हा पराक्रम निःसंशय कौतुकास्पद आहे.

परंतु या संशोधनास २०१५ साली सहा लाखांहून अधिक डॉलरचे अनुदान मिळाले, ते अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाकडून. नौदलाला पाण्याखालील सुरुंग शोधावयाचे असतात. संशोधकांनी याच यंत्राचे इतर उपयोगही सांगितले आहेत : पुलांच्या खांबांची तपासणी, तेलगळतीची पाहणी, बुडालेल्यांचा शोध. यंत्र एकच, पण पैसा कोणाचा, यावर त्याचे पहिले काम ठरते.

खांबांच्या तपासणीचे महत्त्व महाराष्ट्राला कोणी शिकविण्याचे कारण नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात कोसळला. एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यांचे सांगाडे हाती लागण्यास आठवड्याहून अधिक काळ लोटला. त्या गढूळ पाण्यात जिवावर उदार होऊन नौदलाचे पाणबुडे उतरले.

असा ड्रोन असता तर ती माणसे वाचली असती, असे म्हणणे ही भाबडी यंत्रभक्ती होय. पुराच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला दिसत नाही आणि पाण्याखाली रेडिओलहरी फार दूर पोचत नाहीत. नदी शांत असताना पुलाच्या पायाची नियमित पाहणी करणे, हे त्याचे खरे काम. तेथेही यंत्र केवळ चित्र आणून देईल. चित्रातील तडा पाहून वाहतूक थांबविण्याचे उत्तरदायित्व माणसाचेच राहील.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा पुरस्कार केला, तो काही आकाराचा हट्ट नव्हता. यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे, हा त्यामागील विचार होता. दोन हातांत मावणारा ड्रोनही लष्करी कोठारातच पडून राहिला, तर त्या अर्थाने तो लहान नव्हे.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने यंत्राची आरती ओवाळू नये आणि त्यास विरोधही करू नये. आपल्या तालुक्यातील पुलांच्या पायांची तपासणी शेवटची केव्हा झाली, कोणी केली आणि तिचा अहवाल कोठे आहे, हे त्याने संबंधित खात्यास विचारावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे जनतेपुढे आली, म्हणजे पाण्यात कोणते यंत्र उतरवावयाचे, हे ठरविणे अवघड नाही.