दूरचित्रवाणी कोणासाठी संपली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दूरचित्रवाणी पाहण्याला रोजच्या जीवनात आता काही महत्त्व उरले आहे काय, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. शहरातील सुशिक्षित घरांत दिवाणखान्यातला संच आठवडा-आठवडा बंद असतो. घरातील प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर हवे ते हव्या त्या वेळी पाहतो. त्यामुळे दूरचित्रवाणी हे मागच्या पिढीचे माध्यम झाले, चळवळीने त्याची चिंता वाहण्याचे कारण उरले नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. कार्यकर्त्यांच्या बैठकांतूनही हे मत ऐकू येते. ते कितपत टिकते, हे तपासले पाहिजे.

या मताला आधार नाही असे नाही. माध्यम-उद्योगाच्या स्वतःच्याच हिशेबाप्रमाणे २०२४ साली उत्पन्नाच्या बाबतीत डिजिटल माध्यमांनी दूरचित्रवाणीला मागे टाकले. दरमहा वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांची संख्या गेली काही वर्षे घटत आहे. जून २०२२ मध्ये आयपीएल क्रिकेटच्या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा भारतातील दूरचित्रवाणीच्या हक्कांना २३,५७५ कोटी रुपये मिळाले, तर इंटरनेटवरील हक्कांच्या दोन गटांना मिळून त्याहून किंचित अधिक रक्कम मिळाली. वाऱ्याची दिशा भांडवलाला सर्वांआधी कळते, आणि भांडवल कोणीकडे वळले आहे हे या आकड्यांवरून दिसतेच.

परंतु भांडवल जिकडे वळते त्यावरून समाजाची गरज मोजता येत नाही. जाहिरातदार प्रेक्षकांची डोकी मोजत नाही, त्यांची क्रयशक्ती मोजतो. ज्याच्या खिशात खर्च करण्याजोगे काही नाही, तो त्याच्या हिशेबात नसतो. म्हणून दुसरे आकडेही पाहिले पाहिजेत. २००१ च्या जनगणनेत देशातील ३१.६ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता, तो २०११ मध्ये ४७.२ टक्क्यांकडे आला. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या उद्योगाच्याच संस्थेने २०२० साली संच असलेल्या घरांचा अंदाज २१ कोटी दिला. यांपैकी चार कोटींहून अधिक घरे प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’ या सेवेवर आहेत, असे उद्योगाचे अलीकडचे अंदाज सांगतात. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला दरमहा एक पैसाही लागत नाही. तबकडी आणि पेटी एकदा विकत घेतली की पुढे काही द्यावे लागत नाही. वस्तीतल्या पत्र्याच्या छपरांवर आणि खेड्यातल्या धाब्याच्या घरांवर ज्या तबकड्या दिसतात, त्यांतील कितीतरी या सेवेच्या आहेत. ज्यांना दूरचित्रवाणी सोडून देणे परवडले, त्यांनी ती सोडली. उरलेल्यांसाठी ती घरातला एकमेव मोठा आणि सर्वांचा पडदा आहे. तेव्हा दूरचित्रवाणी संपली काय, या प्रश्नाच्या आत ती कोणासाठी संपली, हा वर्गीय प्रश्न दडलेला आहे.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. भाकरीचा तुकडा एकाने खाल्ला की तो दुसऱ्याला उरत नाही. हवेतून आलेल्या प्रक्षेपणाचे तसे नसते. एका घराने ते पाहिले म्हणून शेजारच्या घराच्या वाट्याचे कमी होत नाही, आणि एका संचासमोर दोघे बसले काय किंवा दहा बसले काय, खर्च तेवढाच राहतो. रस्त्यावरच्या दिव्यासारखी ही सार्वजनिक वस्तू आहे. मोबाइलवर मात्र प्रत्येक डोळ्यामागे वेगळा पडदा आणि प्रत्येक पडद्यामागे वेगळा रिचार्ज लागतो. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले हे खरे, पण जुलै २०२४ मध्ये खासगी दूरसंचार कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. ज्या घरात पाच माणसे आणि एक स्मार्टफोन आहे, आणि तो फोनही कर्त्या पुरुषाच्या खिशात दिवसभर कामावर जातो, त्या घराला मोबाइलने दूरचित्रवाणीची जागा घेतली असे सांगणे ही थट्टा होय.

हे माध्यम या देशात आले तेच मुळी सार्वजनिक वस्तू म्हणून. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा सामूहिक श्रवण-दर्शनाच्या मंडळांची कल्पना त्यामागे होती. १९७५-७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाचे साहाय्य घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवण्यात आले आणि शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दाखवण्यात आले. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून ग्रामस्थांचेच प्रश्न त्यांच्याच बोलीत मांडण्याचा प्रयोग अनेक वर्षे चालला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती आमची माणसं’ आणि ‘कामगार विश्व’ हे कार्यक्रम कोणासाठी होते हे त्यांच्या नावांतूनच कळते. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर पाहणाऱ्याला स्वस्थ बसू दिले नाही. महाराष्ट्रात गावोगाव ज्ञानदीप मंडळे उभी राहिली आणि कार्यक्रम पाहून संपल्यानंतरचे काम प्रेक्षकांनी हाती घेतले. पाहणे ही निष्क्रिय गोष्टच असली पाहिजे, या समजुतीला हे महाराष्ट्राने दिलेले उत्तर होते.

पुढे वाट बदलली. १९७६ मध्ये जाहिराती आल्या. १९८२ साली मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर असताना दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपणाचा थाट उभा राहिला. १९८४ मध्ये ‘हम लोग’बरोबर प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दूरदर्शनचा चेहरा भारतीय असावा व तो बहुसंख्य ग्रामीण जनतेकडे वळलेला असावा, असे आग्रहाने मांडले. अहवाल फडताळात गेला आणि साबणाच्या जाहिराती पडद्यावर आल्या. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आली, आणि जे आकाशातून फुकट येत होते त्याचे महिन्याचे बिल येऊ लागले.

या बिलाची गोष्टही पाहण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०१९ पासून नव्या दररचनेप्रमाणे पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठीच १३० रुपये अधिक कर अशी कमाल आकारणी ठरली आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याहून वेगळे. २०२४ मध्ये या जोडणी-आकाराची कमाल मर्यादाही नियामक प्राधिकरणाने काढून घेतली. दरम्यान, घरावर साधा अँटेना लावून दूरदर्शन पाहण्याची सोय देणारे जुने प्रक्षेपक, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास वगळता, २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. म्हणजे फुकट पाहण्याचा मार्ग बहुतेकांसाठी एकच उरला, तो फ्री डिशचा. त्याच्याही अनेक जागा लिलावाने खासगी वाहिन्यांना दिल्या जातात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय मनोरंजन वाहिन्या या सेवेवरून एकदम काढून घेतल्या. पुढच्या वर्षी त्या परतल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. गरिबाच्या संध्याकाळी काय असावे नि काय नसावे, हे कंपन्यांच्या ताळेबंदावर ठरते, आणि त्याबद्दल कोणत्याही विधिमंडळात दोन तासांची चर्चा होत नाही.

या साऱ्याने रोजच्या जगण्यात खरोखरच काही फरक पडतो काय? पडतो, आणि त्याचे पुरावे आहेत. रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील खेड्यांत केबल पोहोचण्यापूर्वीची व नंतरची स्थिती तपासून २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केबल आल्यानंतर त्या गावांतील स्त्रियांमध्ये नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानण्याचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला, असे त्यांना आढळले. ज्या मालिकांना विचारवंत नाके मुरडत होते, त्याच मालिकांतून खेड्यातील स्त्रीला दिसत होते की अन्यत्र स्त्रिया शिकतात, नोकरी करतात आणि उलट उत्तरही देतात. याचा अर्थ त्या मालिका पुरोगामी होत्या असा मुळीच नाही. दागिन्यांनी मढलेल्या सासवा-सुनांच्या कारस्थानांतून पुरोगामित्व शोधणे व्यर्थ आहे. परंतु ज्या जीवनाच्या चौकटी अतिशय अरुंद आहेत, तेथे अशी एखादी फटदेखील प्रकाश आत आणते.

दुसरा पुरावा टाळेबंदीचा. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ‘ऑनलाइन शिक्षण’ या शब्दाचा घोष सुरू झाला, परंतु ते लाखो मुलांपर्यंत पोहोचणेच शक्य नव्हते. केरळने १ जून २०२० पासून सरकारी व्हिक्टर्स वाहिनीवर इयत्तावार पाठ सुरू केले. ज्या घरांत संच नव्हते त्यांच्यासाठी युवक संघटनांनी संच जमवले, ग्रंथालयांत व अंगणवाड्यांत सामुदायिक पाठ दाखवले गेले. महाराष्ट्रातही त्या वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिली मिली’ या मालिकेतून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी पाठ झाले. शाळेची जागा पडद्याने घ्यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्या वेळी दुसरे सर्व मार्ग खुंटले, त्या वेळी स्मार्टफोन नसलेल्या मुलापर्यंत पोहोचण्याची ताकद या जुन्या माध्यमात होती. ती वापरण्यासाठी आधी शासनाची इच्छा लागते.

तिसरी बाब सत्तेची. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशजी आणि जगजीवन राम यांची सभा होती. त्या दिवशी दूरदर्शनने ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ दाखवला. लोकांना घरी बसवण्यासाठीच हे केले गेले, असे तेव्हा उघड बोलले जात होते. लोक तरीही मैदानावर लोटले. त्या प्रसंगातून दोन धडे मिळतात. सत्ताधाऱ्यांना या पडद्याचे महत्त्व नेहमीच ठाऊक असते, हा एक. प्रेक्षक म्हणजे मेंढरे नव्हेत, हा दुसरा.

आज सरकारी मक्तेदारीच्या जागी मोजक्या उद्योगसमूहांची सत्ता आली आहे. २०१४ मध्ये ‘नेटवर्क १८’ रिलायन्सकडे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स व डिस्ने यांचे माध्यम-व्यवसाय ७०,३५२ कोटी रुपयांच्या मूल्यांकनाने एक झाले. मोबाइलने प्रेक्षकाला मुक्त केले असे ज्यांना वाटते, त्यांनी येथे थांबून पाहावे. याच रिलायन्स समूहाकडे देशातील सर्वात मोठे मोबाइल-जाळेही आहे. पडदा बदलला, तरी मालक तोच राहिला. शिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी कित्येक आदल्या रात्रीच्या वाहिन्यांवरील वादंगांचेच तुकडे असतात. ज्याने संच बंद केला, त्याच्याही हातात सकाळी तीच ओकारी येऊन पडते. त्यामुळे ‘मी दूरचित्रवाणी पाहत नाही’ असे अभिमानाने सांगणारा नागरिक तिच्या प्रभावातून सुटलेला नसतो.

मग कार्यकर्त्यांनी करावे काय? संच फोडा असे सांगण्याची वेळ कधीच नव्हती, आणि तो बंद करून स्वतःचे हात धुवून घेण्याचीही ही वेळ नाही.

सर्वप्रथम, दूरचित्रवाणीचा प्रश्न हा पाणी, रेशन व एसटी यांच्यासारखाच सार्वजनिक सेवेचा प्रश्न मानला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले आणि त्यांचे नियंत्रण सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक यंत्रणेकडे असावे असे म्हटले. १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्वायत्त राष्ट्रीय न्यासाची कल्पना मांडली होती. १९९० चा प्रसार भारती कायदा त्याच मागणीतून आला आणि १९९७ मध्ये अमलात आला, परंतु पैशासाठी आणि नेमणुकांसाठी ती संस्था शासनाच्याच तोंडाकडे पाहते. ही लढाई अर्धी राहिली आहे. फ्री डिशवरील जागांचा ठराविक भाग लिलावाबाहेर ठेवून शिक्षण, शेती, आरोग्य आणि कामगारांचे हक्क यांसाठी प्रत्येक राज्यभाषेत राखून ठेवावा, ही मागणी त्या लढाईचा आजचा टप्पा ठरू शकते.

दुसरे काम याहून जवळचे आहे. प्रत्येक वस्तीत व गावात कार्यकर्त्याने विचारावे की किती घरांत कोणती सेवा आहे, महिन्याला काय खर्च होतो, संच कोणाच्या हातात असतो आणि त्यावर काय पाहिले जाते. स्त्रियांच्या हाती रिमोट कोणत्या वेळी येतो, एवढ्या एका प्रश्नातूनही घराची रचना उलगडते. जो कार्यकर्ता वस्तीतली संध्याकाळ जाणत नाही, त्याला वस्तीतले मत समजणार नाही.

तिसरे काम ज्ञानदीप मंडळांनी दाखवून ठेवलेले आहे, ते म्हणजे एकत्र पाहणे आणि पाहिल्यावर बोलणे. रात्रीच्या बातम्या दहा जणांनी मिळून पाहाव्यात आणि नंतर अर्धा तास हिशेब मांडावा. कांद्याच्या भावाची बातमी किती सेकंद होती, मंदिर-मशिदीचा वाद किती मिनिटे चालला, बोलावलेल्या पाहुण्यांत शेतकरी किंवा कामगार किती होते, हे कागदावर लिहावे. यासाठी पैसा लागत नाही, घड्याळ आणि वही पुरते. मोबाइलवर प्रत्येकाला वेगळे दाखवले जाते, म्हणून त्यावर सामुदायिक बोलणे कठीण जाते. एका पडद्यासमोर बसलेल्या माणसांना निदान भांडायला तरी समान विषय मिळतो, आणि लोकशाहीची सुरुवात तेवढ्यावरूनही होऊ शकते.

श्रमिकांच्या कोट्यवधी घरांत आज संध्याकाळी हा पडदा उजळणार आहे. त्यावर काय दिसेल हे इतरांनी ठरवावे, ही व्यवस्था निसर्गनियमाने आलेली नाही. ती माणसांनी केलेल्या कायद्यांतून आणि लिलावांतून आली आहे, म्हणून संघटित माणसांना ती बदलताही येईल. त्यासाठी कार्यकर्त्याने त्या पडद्यासमोर लोकांच्या शेजारी जाऊन बसले पाहिजे.