चौथा डाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणिताच्या मास्तराला माइकसमोर बसवलं की त्याची पहिली पंचाईत होते ती फळा नसल्याची. म्हणून फळ्याचं काम आज तुम्हीच मनातल्या मनात करायचं. ४० मीटर दोरी घ्या आणि परसातल्या भाजीच्या वाफ्याला आयताकृती कुंपण घाला. लांबी १५ आणि रुंदी ५ ठेवलीत, तर आत ७५ चौरस मीटर जागा येईल. १२ आणि ८ ठेवलीत, तर ९६. दोन्ही बाजू १० केल्यात, तर १००. दोरी तेवढीच, पण १०० च्या वर काही केल्या जाता येत नाही.

यामागे एक जुनी असमानता आहे. दोन धन संख्यांचा गुणाकार त्यांच्या सरासरीच्या वर्गापेक्षा कधीही मोठा नसतो. फार तर बरोबरीला येतो, आणि तोही दोन्ही संख्या सारख्या असतील तेव्हाच. शाळेत आपण 'बरोबर'च्या चिन्हात इतके रमतो की 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही चिन्हं पाहुण्यासारखी येऊन जातात. पण पूल जास्तीत जास्त किती भार पेलेल, औषधाची मात्रा कितीच्या वर जाऊ नये, हे सगळे प्रश्न असमानतेचेच. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी, त्यांचे सहकारी लिटलवुड आणि पोल्या या तिघांनी १९३४ मध्ये या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं नावच मुळी 'असमानता'.

मला मात्र आज माझ्या दहावीच्या मुलांबद्दल बोलायचं आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि आमचा रविवारचा गणिताचा वर्ग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर भरू लागला. घरात फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर हाती लागणार, त्यामुळे खरी वर्दळ रात्री आठनंतर. पहिल्या रविवारी मी वरचीच गोष्ट सिद्ध करायला दिली. दोन मिनिटांत एका मुलाने कुठून तरी उतरवून घेतलेली तयार सिद्धता टाकली. स्वच्छ, छापील, निर्दोष. मी 'शाबास' लिहिलं. पाठोपाठ वीस अंगठे आले आणि गट गप्प झाला. मधेच एका मुलीचा संदेश येऊन खोडला गेल्याची खूण तेवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सर, मी अर्धवर्तुळ काढत होते. पण उत्तर आलं ना आधीच."

अर्धवर्तुळ! दहावीच्या पुस्तकात भूमितीमध्याचं प्रमेय आहे. दोन संख्यांइतके रेषाखंड एकापुढे एक ठेवा, त्या पूर्ण लांबीवर अर्धवर्तुळ काढा, आणि जिथे ते जुळतात तिथून लंब उभारा. त्या लंबाचा वर्ग म्हणजे दोन्ही संख्यांचा गुणाकार. त्रिज्या म्हणजे त्यांची सरासरी. आणि अर्धवर्तुळातला असा लंब त्रिज्येपेक्षा उंच होणार कसा? छापील सिद्धतेपेक्षा हे कितीतरी देखणं होतं. माझ्या एका 'शाबास'ने ते पुसलं गेलं. तीस वर्षं शिकवूनही हे मला कळलं नव्हतं, हे कबूल करतो.

अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या संभाषणांचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ थांबतात? जेमतेम एक सेकंद! तोच वेळ तीन सेकंदांवर नेला, की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात, 'माहीत नाही' म्हणणं कमी होतं. आता गंमत पाहा. लेखी चर्चेत थांबायला सेकंदच काय, सबंध रात्र मिळते. ती रात्र मी दोन मिनिटांत संपवून टाकली होती.

पुढच्या रविवारी मी नियम केला. पूर्ण उत्तर सोमवारपर्यंत टाकायचं नाही. टाकायची ती फक्त एक पायरी, एखादी शंका, नाहीतर फसलेला प्रयत्न. गणित होतं तीन संख्यांचं. त्यांचा गुणाकार सरासरीच्या घनापेक्षा मोठा नसतो, हे दाखवायचं होतं. चार संख्यांचं लगेच जमलं, कारण दोन-दोनच्या जोड्या लावता येतात. तीनची जोडी लागेना. तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "सर, चौथी संख्या आपणच आणून बसवली तर?" कुणी म्हणालं शून्य घेऊ. गुणाकारच शून्य झाला. कुणी म्हणालं एक घेऊ. सरासरी बदलली. तासभर असंच चाललं. मग एका क्रिकेटवेड्या मुलाने लिहिलं, "सरासरी न बदलणारा चौथा डाव एकच असतो, सर. सरासरीइतक्याच धावा काढायच्या."

एखादा फलंदाज तीन डावांत १२, ४५ आणि ३३ धावा काढून बाद झाला. सरासरी ३०. चौथ्या डावात तो नेमका ३० वर बाद झाला, तर सरासरी ३० च राहील. आता चार संख्यांचा नियम लावा. चौघांचा गुणाकार ३० च्या चौथ्या घातापेक्षा मोठा नाही. दोन्हीकडून एकेक ३० काढून टाका. उरलं काय? तिघांचा गुणाकार ३० च्या घनापेक्षा मोठा नाही. १७,८२० आणि २७,०००. ताडून पाहा हवं तर! फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात हीच युक्ती वापरली होती. मुलांना ते मी नंतर सांगितलं.

असं अर्धवट विचारांचं खुलं बोलणं मोठे गणितीही करतात, बरं का. टिमथी गॉवर्स यांनी २००९ मध्ये इंटरनेटवर 'पॉलिमॅथ' हा सामूहिक प्रयोग सुरू केला. छोटी, कच्ची कल्पनाही मांडायची, हा त्याचा संकेत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या यितांग झांग यांनी सिद्ध केलं, की एकमेकींतलं अंतर ७ कोटींपेक्षा जास्त नसलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. हीही असमानताच. टेरेन्स टाओ यांच्या पुढाकाराने तिच्यावर जाहीर चर्चा सुरू झाली आणि ७ कोटींचा आकडा काही महिन्यांत ४,६८० वर आला. चुकलेले, मागे घेतलेले आकडेही नोंदीत तसेच ठेवले होते. मात्र एक सांगायला हवं. झांग एकट्यानेच झटले होते, आणि पुढे ६०० पर्यंत मजल मारणारे जेम्स मेनार्डही वेगळ्या वाटेने एकटेच निघाले होते. त्यांची वाट आणि सगळ्यांची चर्चा एकत्र आली, तेव्हा २०१४ मध्ये आकडा २४६ झाला. तेव्हा एकांत नको असं माझं म्हणणं नाही. माझ्या विद्यार्थिनीचं अर्धवर्तुळही एकांतातच निघालं होतं. ते दाखवायला तिला जागा उरली नाही, एवढंच.

ते तिने नंतर पाठवलं. किराणामालाच्या बिलाच्या पाठीवर, कंपास नसल्याने वाटी ठेवून काढलेलं. त्याच रात्री क्रिकेटवाल्याचा संदेश आला, "सर, पाच संख्या असतील तर आठपर्यंत जायला तीन डाव जादा खेळावे लागतील का?"

मी फोन उलटा ठेवला आणि सकाळपर्यंत उत्तर दिलं नाही.