आधी आवाज, मग कॅमेरा
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळासाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यावा व त्यासाठी ६०,००० रुपये मंजूर करावेत, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. तो मताला टाकण्यापूर्वी आमचे चार शब्द ऐकावेत, ही विनंती. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी, कॉमर्स शिकलेली माणसे. कॅमेऱ्याचे शिक्षण कुठे घेतलेले नाही. पण मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रण गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि त्यातल्या चुकाही आमच्याच खात्यावर आहेत.

सर्वांत मोठी चूक आपल्याला आठवत असेल. मागच्या महापालिका निवडणुकीआधी आपण आपल्या वॉर्डातल्या सर्व उमेदवारांना याच हॉलमध्ये बोलावले होते. मराठी शाळेच्या वर्गांचा प्रश्न आपण विचारला. एका उमेदवाराने उभे राहून स्पष्ट शब्दांत आश्वासन दिले, टाळ्याही पडल्या. निवडून आल्यावर आपले शिष्टमंडळ भेटायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, "असे मी बोललोच नव्हतो." आपण मोठ्या विश्वासाने रेकॉर्डिंग काढले. चित्र अगदी स्वच्छ होते. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते, हातवारे दिसत होते, आणि ऐकू येत होती ती डोक्यावरच्या पंख्याची घरघर. शिष्टमंडळ हात हलवत परत आले.

मंडळी, त्या दिवशी कॅमेरा कमी पडला नव्हता. फोन शेवटच्या रांगेत होता, म्हणून आवाज कमी पडला. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. पंखा मात्र जवळच असतो. अशा जागी ६०,००० चा कॅमेरा ठेवला असता तरी त्याने पंखाच टिपला असता. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की पैसा आधी आवाजावर घालावा, मग स्थिरतेवर, मग उजेडावर, आणि कॅमेऱ्यावर सर्वांत शेवटी.

आपल्याकडे चित्रणाला माणूस एकच असतो, हेही लक्षात घ्यावे. बाकीचे खुर्च्या मांडतात, पाहुण्यांना आणायला जातात, व्यासपीठावर बसतात. तो एकटा बँकेतून सुटून स्कूटरवर येतो. जे सामान एका खांद्याच्या बॅगेत मावत नाही आणि दहा मिनिटांत मांडून होत नाही, ते पुढे कपाटातच पडून राहते. कॅमेऱ्याचा घसारा तर दर वर्षी चालूच असतो, मग तो वापरा की न वापरा.

त्या फजितीनंतर आम्ही जे सामान जमवले त्याचा हिशेब सांगतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक ९०० रुपये. तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, २,६०० आणि त्यावर फोन धरायची चिमटी ३५०. मऊ उजेडाचा एलईडी दिवा स्टँडसह १,९००. पॉवर बँक १,२००. इअरफोन ४५०. १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह १,०००. बॅग ५००. एकूण ८,९०० रुपये. कॅमेरा म्हणून खिशातला फोन, त्याचा खर्च शून्य.

यातली प्रत्येक वस्तू का घेतली तेही सांगतो. कॉलर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर राहतो, म्हणून पंख्यावर मात करतो. बिनवायरचे माइकही मिळतात, सोयीचे असतात, पण महाग पडतात आणि त्यांचे चार्जिंग सांभाळावे लागते. सुरुवातीला वायर बरी. मात्र हल्लीच्या बऱ्याच फोनना इअरफोनचे गोल भोक नसते. चार्जिंगच्या भोकातच माइक लावावा लागतो, आणि मग चार्जिंग बंद. यावर आमचा तोडगा असा. घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेला जुना, गोल भोकाचा फोन घ्यावा. त्याला माइक लावून त्याच्यावर फक्त आवाज घ्यावा आणि तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवावा. चित्र दुसऱ्या फोनवर, पॉवर बँक लावून. दोन्ही सुरू झाले की एकदा जोरात टाळी वाजवावी. नंतर कॉम्प्युटरवर दोन्हीकडची टाळी जुळवली की चित्र आणि आवाज जुळतात. वक्ते अनेक असतील तर माइकची चिमटी व्यासपीठावरच्या माइकच्या दांडीलाच लावावी.

तिपाई घेताना फार हलकी घेऊ नये, पंख्याच्या वाऱ्याने फोन थरथरतो. दुकानात पूर्ण उघडून, वर हात ठेवून, हलवून पाहावी. दिव्यापेक्षा खिडकीचा उजेड केव्हाही चांगला. बोलणाऱ्याचे तोंड खिडकीकडे करावे, पाठ नव्हे. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोलचा तुकडा उभा केला तरी सावली मऊ होते.

फोनमध्ये १०८० ची प्रत पुरेशी आहे. त्यात तासाला साधारण ८ जीबी जागा जाते, ती आधी मोकळी करावी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की ते थांबते. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर ऐन भाषणात कुणाचा तरी कॉल येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐकावे. कॅशियर नोटा मोजल्याशिवाय पावती देत नाही, तसेच हे.

कुणी म्हणेल, जुना फोटो-कॅमेरा स्वस्तात मिळतो. मिळतो, पण तशा बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आपोआप थांबतो. आपली भाषणे किती चालतात हे आपण जाणताच!

बडोद्यात बसून हे बोलताना दादासाहेब फाळक्यांची आठवण होणे साहजिक आहे. ते १८९० च्या सुमारास इथल्याच कलाभवनात शिकले. विम्याच्या पॉलिस्या गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण आल्या आल्या त्यांनी मोठा चित्रपट काढला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसादिवसाने टिपून एक छोटी फिल्म केली, ती लोकांना दाखवली, आणि मग भांडवल उभे केले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. आधी थोडक्यात करून दाखवावे, मग पैसे मागावेत, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घेतला आहे.

आम्हीही एक छोटे काम करून पाहिले. दांडियाबाजारातल्या एका वाड्यातल्या आजींकडे हीच बॅग घेऊन गेलो. वय नव्वदीच्या घरात. त्यांची परवानगी घेतली, पंखा बंद केला, खिडकीशी बसवले. दीड तास त्या मराठी शाळेतल्या आपल्या बाईंविषयी बोलल्या, मधूनच गुजरातीत शिरत, चोपडी म्हणत, हसत. चार महिन्यांनी आजी गेल्या. तेराव्याला त्यांच्या मुलाने ते रेकॉर्डिंग सर्वांना ऐकवले. प्रत्येक शब्द ऐकू आला. चित्र फोनचेच होते, त्याबद्दल कुणी विचारलेसुद्धा नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. ६०,००० चा ठराव मागे घ्यावा आणि ८,९०० च्या अशा दोन बॅगा कराव्यात, म्हणजे १७,८०० रुपये. उरलेल्या रकमेतून दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक कार्यालयात आणि दुसरी एखाद्या सदस्याच्या घरी राहील. एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच. बाकी रक्कम ठेवीत राहू द्यावी.

एक पथ्यही पाळावे. उमेदवारांना रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी जाहीर सांगावे, आणि मूळ प्रत कापाकापी न करता जपावी. सोयीचे वाक्य तेवढे तोडून दाखवले, तर आपल्यात आणि "मी बोललोच नव्हतो" म्हणणाऱ्यांत फरक तो काय उरला?

ज्यांच्या घरी चालू स्थितीतला जुना फोन असेल, त्यांनी तो सभेनंतर आमच्याकडे द्यावा. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसे असतील, त्यांनी दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव व सोयीची वेळ लिहावी. येत्या रविवारपासून आम्ही सुरुवात करतो.